तो ओरडत नाहीये!

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही गालांवर हात ठेवलेला घाबरलेला इमोजी ग्रुपवर टाकता ना? अगदी तसाच चेहरा नॉर्वेच्या एडवर्ड मुंकनं 1893 मध्ये रंगवला, 'द स्क्रीम'. मुंक पाच वर्षांचा असताना आई क्षयानं गेली, 1877 मध्ये बहीण सोफीही. आता चित्र नीट बघा. मुंकच्या मते किंचाळतोय तो निसर्ग. हा बिचारा तर कान झाकून उभाय! मागचे दोघं मात्र निवांत. मला तर त्यांचीच जास्त भीती वाटते. चित्रावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात चित्रकाराला वेडा म्हटलंय. कुणा खवचट प्रेक्षकाचं काम वाटायचं, पण 2021 मध्ये कळलं, अक्षर मुंकचंच! 1908 मध्ये तो खरंच कोलमडला, कोपनहेगनच्या दवाखान्यात राहिला. बरा होऊन परतला आणि 1944 मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिला.