सोलापूरचे डॉ. कोटणीस

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. मुंबईस ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चीनची हाक आली तेव्हा सुभाषबाबूंच्या आवाहनावरून लोकांनी वर्गणी दिली आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक रवाना केले. सोबत औषधे आणि रुग्णवाहिका होती. डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते.

चीनमध्ये असतानाच डॉक्टरांना वडील वारल्याची वार्ता कळली. तरीही ते परतले नाहीत. पुढे तिघे सहकारी मायदेशी आले, डॉ. बसू व कोटणीस मागे राहिले. कोटणीस चिनी भाषा शिकले, उत्तरेच्या आघाडीवर गेले, आणि १९४१ साली डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. शस्त्रक्रिया आटोपल्या की विद्यार्थ्यांना शिकवीत. त्याच साली तेथील परिचर्या-शिक्षिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

फेपऱ्याच्या व्याधीने त्यांना गाठले होते, पण काम सुटले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलाचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. तेव्हा तो चार महिन्यांचाही नव्हता.