टेस्ट ट्यूब बेबीच्या १६ वर्षं आधी दिल्लीत काचेच्या नळीत अफूचं बी धरलं होतं, कुणामुळे?

१९७८ साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली आणि टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द घरोघरी पोहोचला. पण वनस्पतींच्या बाबतीत हे काम दिल्ली विद्यापीठात १९६२ सालीच झालं होतं. त्यामागे होते पंचानन माहेश्वरी. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात ज्यांची ओळख छापली आहे, तेच.

माहेश्वरींचा जन्म १९०४ चा, जयपूरचा. शिकायला ते अलाहाबादला गेले. तिथे त्यांना विनफिल्ड डजियन हे अमेरिकी मिशनरी प्राध्यापक भेटले. विद्यार्थ्याने आपल्या पुढे जावं, एवढीच या गुरूची अपेक्षा होती. फुलापासून बी होईपर्यंत आत काय घडतं, हा माहेश्वरींचा आयुष्यभराचा विषय झाला. ढाका विद्यापीठातून १९४९ मध्ये ते दिल्लीत आले आणि तिथला वनस्पतिशास्त्र विभाग त्यांनी जगाच्या नकाशावर आणला.

१९६२ मध्ये कुसुम कांता आणि एन. एस. रंगस्वामी यांच्यासोबत त्यांनी अफूच्या फुलातली बीजांडं बाहेर काढली. निर्जंतुक नळीत साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ती ठेवली, वर पराग टाकले. फलन नळीतच झालं, बी धरलं आणि रुजलंसुद्धा.

पुढच्याच वर्षी त्यांच्या विभागात चंदनाची पाळी आली. चंदनाचं झाड इतर झाडांच्या मुळांतून अन्न ओढतं आणि सुगंधी गाभा धरायला त्याला कित्येक वर्षं लागतात. त्यात बियांपासून आलेली सगळी झाडं सारखी निघत नाहीत. म्हणून चांगल्या झाडाच्या तुकड्यापासून रोपं करता आली तर हवीच होती.

रंगस्वामी आणि पी. एस. राव यांनी चंदनाच्या बियांमधला गर नळीत वाढवला. नारळातलं खोबरं म्हणजे असाच गर. पेशी वाढत राहिल्या, पण त्यातून झाड काही आलं नाही.

१८ मे १९६६ ला माहेश्वरी गेले. वय ६१. आदल्याच वर्षी त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली होती. चंदनाचं रोप मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. १९७९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंदनाच्या कोंबाच्या तुकड्यापासून रोपं तयार झाली.

विद्यार्थ्यांनी पुढे जावं, ही डजियन यांची अपेक्षा माहेश्वरींनी आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवली. एनसीईआरटीचं १९६४ चं जीवशास्त्राचं पहिलं पुस्तकही त्यांच्याच नेतृत्वाखाली निघालं.