विल्यम हेन्री साइक्स

विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी, १७९० – १६ जून, १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, निसर्ग-अभ्यासक व संख्याशास्त्रज्ञ होते. दख्खनच्या खडकांचे, हवामानाचे व प्राण्यांचे प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले आरंभीचे शास्त्रीय वर्णन त्यांनी केले.

लष्करी सेवा व नियुक्ती

साइक्स वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास सैन्यात दाखल झाले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात, तसेच १८१७ मधील खडकीच्या लढाईत त्यांचा सहभाग होता. १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सरकारने त्यांची सांख्यिकी अहवालकार म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांची पाहणी त्यांनी केली. आजच्या नाशिक जिल्ह्याचा मोठा भाग त्या काळी अहमदनगरमध्ये मोडत असे. डिसेंबर १८२९ मध्ये हे पद रद्द झाले, तरी साइक्स यांनी अहवालांचे काम पूर्णत्वास नेले आणि जानेवारी १८३१ मध्ये भारत सोडला.

खडक व खनिजे

दख्खनच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. बेसॉल्टचे आडवे थर, पायऱ्यांसारखे दिसणारे डोंगर, स्तंभाकार खडक, थरांखालील लोहयुक्त लाल माती आणि सच्छिद्र खडकातील खनिजे यांची नोंद त्यात आहे. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहतात. पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्टिल्बाइट, हुलंडाइट, अ‍ॅपोफिलाइट यांसारख्या खनिजांचे स्फटिक तयार होतात. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहुरी परिसर अशा स्फटिकांसाठी आज संग्राहकांना परिचित आहे.

हरिश्चंद्रगड व इंद्रवज्र

अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या कोकणाकडील कड्यावरून साइक्स यांनी वर्तुळाकार इंद्रधनुष्य अनेकदा पाहिले. सूर्य पाठीशी आणि धुके समोर, कड्याच्या पातळीच्या जवळपास असताना रंगीत वर्तुळात पाहणाऱ्याची सावली दिसते. हे दृश्य मराठीत 'इंद्रवज्र' म्हणून ओळखले जाते. त्यांनी ते १८३५ मध्ये पाहिले, असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. तथापि १८३५ हे वर्ष दख्खनच्या हवामानावरील त्यांच्या निबंधाच्या प्रकाशनाचे आहे. प्रत्यक्ष निरीक्षणे ते भारतात असतानाची, म्हणजे १८३१ पूर्वीची आहेत. उकळत्या पाण्यातील साध्या तापमापकाने ठिकाणांची उंची मोजण्याची पद्धतही त्यांनी १८३८ च्या लेखात मांडली.

प्राणिशास्त्र

दख्खनमधील सस्तन प्राणी, पक्षी व मासे यांच्या सूची त्यांनी तयार केल्या. चंडोलाच्या एका जातीच्या इंग्रजी नावात त्यांचे नाव आढळते.

उत्तरायुष्य

१८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८५६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. १८५७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ब्रिटिश संसदेत अ‍ॅबरडीनचे प्रतिनिधित्व केले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते व १८६३ मध्ये तिचे अध्यक्ष झाले.