जोडेघाटचा भीम

भगिनींनो, दर कोजागिरीला आपण मंडळात जमतो, दूध आटवतो, गाणी म्हणतो, चंद्र माथ्यावर आला की प्रसाद घेऊन घरी जातो. त्याच दिवशी, आश्विन पौर्णिमेला, तेलंगणातल्या जोडेघाट नावाच्या डोंगरी खेड्यात गोंड लोक जमतात आणि एका माणसाची पुण्यतिथी पाळतात. त्याचे नाव कोमराम भीम. भीम म्हटले की आपल्याकडे बाबासाहेब डोळ्यांपुढे येतात. हा भीम निराळा, पण झगडा हक्काचाच.

मला त्याची गोष्ट किनवटला मावशीकडे कळली. शेजारच्या गोंड बाई आमच्याशी मराठीत बोलत आणि लेकींना हाक गोंडीत मारत. किनवट हे 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. भीमाचे आसिफाबादही त्याच जिल्ह्यात. आणि आपले केज? तेही निजामाच्याच राज्यात. म्हणून मी म्हणते, हा माणूस आपल्याला परका नव्हे.

भीमाचा जन्म 1901 च्या सुमारास आसिफाबादजवळ संकेपल्ली येथे झाला. त्याचे वडील जंगल खात्याच्या माणसांकडून मारले गेले, असे सांगतात. घरची मंडळी मग सर्दापूरला गेली आणि रान साफ करून शेती करू लागली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. गोंडांची शेती आपल्यासारखी एकाच वावरात बांधलेली नव्हती. काही वर्षे एक तुकडा पिकवायचा, तो थकला की पडीक ठेवायचा आणि दुसरा करायचा. जमिनीलाही विसावा लागतो, हे कोणतीही शेतकऱ्याची बायको सांगेल. पण सरकारी मोजणीला पडीक दिसली की ती झाली सरकारची. कुठे राखीव जंगलाची रेघ पडली, कुठे बाहेरून आलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने पट्टा करून घेतला. ज्याने झाडोरा तोडून जमीन केली, तोच चोर ठरला. गुरे चारली तर पैसा, सरपण आणले तर पैसा.

सर्दापूरला तसेच झाले. पीक उभे राहिल्यावर सिद्दिक नावाचा माणूस पट्टा दाखवून माल न्यायला आला. भांडण झाले, भीमाची काठी बसली आणि तो माणूस मेला. भीम पळाला तो चांद्याला. (खून तो खूनच, मी त्याची तरफदारी करीत नाही. पण वर्षभराची सुगी डोळ्यांदेखत कुणी उचलून नेत असेल, तर तिथे मन थाऱ्यावर राहणे कठीण.) चांद्याला विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे तो राहिला आणि तिथे लिहायला-वाचायला शिकला, उर्दूसुद्धा. पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांत मजुरी करून तो परत आला, असे गोंड लोक सांगतात.

मला या शिकण्याचे मोल फार वाटते. आमच्या आजेसासूबाईंच्या पेटीत फसली सनाचे उर्दू कागद होते. घरात एकालाही वाचता येत नसत. पण कागद वाचून घेतल्याशिवाय त्या कुठेही अंगठा उठवीत नसत, एवढी धास्ती त्यांना होती. भीमाच्या लोकांपाशी तर कागदच नव्हता.

परत आल्यावर तो बाबीझरीला राहू लागला. आजूबाजूच्या बारा खेड्यांच्या जमिनीसाठी त्याने अर्ज केले, हैदराबादलाही खेटे घातले. काही हाती लागले नाही. उलट जंगल खात्याने झोपड्या जाळल्या. तेव्हा बारा गावचे लोक जोडेघाटच्या डोंगरावर जमले. पाणी, रान आणि जमीन आमची, आणि आमच्या गावांचा कारभारही आम्हीच पाहू, एवढेच त्यांचे मागणे. सरकारी अधिकारी बोलणी करायला आले आणि भीमाला व त्याच्या सोयऱ्यांना पट्टे देऊ म्हणाले, असे सांगतात. भीमाने ते घेतले नाहीत. बाराही गावांना द्या, म्हणाला. मी इथेच थांबून पुष्कळ विचार केला. आपल्यापुरते मिळत असताना शेजाऱ्यासाठी नको म्हणणे किती घरांत जमेल? माझ्या घरात जमले असते का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

1940 साली बंदूकधारी पोलीस डोंगर चढले. गोळीबारात भीम साथीदारांसह मारला गेला.

मग निजाम सरकारला प्रश्न पडला, की हे गोंड असे का उठले? ते शोधायला हैमेंडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियातले विद्वान आले. ते पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईला गोंडांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले. त्यांच्या सांगण्यावरून हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. 1943 मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची पुस्तके आपल्याच देवनागरीत छापली गेली. बेटीबाई 1987 साली गेल्या. त्यांची समाधी मार्लवाईलाच आहे. कुठली कोण बाई, पण तिने माती तिथली धरली!

आदिवासी मुलखासाठी वेगळा कायदा झाला तो 1359 फसलीत, म्हणजे 1949 साली. 2016 मध्ये आसिफाबाद जिल्ह्याला भीमाचे नाव मिळाले. दिवाळीला मोरपिसांचे मोठे टोप घालून गोंड अजून गुसाडी नाचतात, पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते.

किनवटच्या त्या बाई कोजागिरीला दूध आटवतात, आपल्यासारखेच. फक्त चूल पेटवण्याआधी त्या अंगणात एक पणती लावतात. मावशीने विचारले तेव्हा त्यांनी जोडेघाटच्या दिशेने हात केला.