धातूंचा क्षय रोखणारे हंफ्री डेव्ही

लातूर जिल्ह्यातील औसा परिसराची काळी जमीन ओल धरून ठेवते. पिकांना वरदान ठरणारा हा गुण जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळाला मात्र मारक ठरतो. ओलावा, क्षार आणि जागोजागी कमी-अधिक मिळणारा प्राणवायू यांमुळे नळाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. एके ठिकाणी लोखंड विरघळू लागते आणि बारीक खड्डा पडून नळाला भोक पडते. धातूंचे हे क्षरण विजेच्या व्यवहारातून घडते आणि विजेच्याच मार्गाने ते थोपविता येते, हे प्रयोगाने दाखविण्याचा मान सर हंफ्री डेव्ही यांच्याकडे जातो.

इंग्लंडमधील पेन्झान्स येथे १७ डिसेंबर १७७८ रोजी डेव्ही यांचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले आणि थोरल्या हंफ्रीला एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करावी लागली. तेथील औषधांच्या बाटल्यांनी त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली. १८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. विजेच्या साह्याने त्यांनी १८०७ मध्ये सोडियम व पोटॅशियम, तर पुढच्याच वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी धातू वेगळे केले. १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षादीप तयार केला आणि त्याचे पेटंट घेण्याचे नाकारले. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच ब्रिटिश नौदलाचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. लाकडी जहाजांच्या तळाला किडीपासून वाचविण्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकले जात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांनाही असेच पत्रे असत. समुद्राच्या पाण्यात हे महागडे तांबे झिजून जाई. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की काय होते, याचा फटका नौदलाला पूर्वीच बसला होता. १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेला तांबे चढविले, तेव्हा लोखंडी खिळेच कुरतडले गेले. डेव्ही यांनी याच दोषाचा उपाय केला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर तो स्वतः झिजतो आणि तांबे सुरक्षित राहते. वाटाण्याएवढे जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरते, हे त्यांनी १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच वर्षी कोचीनला बांधलेल्या 'समारंग' या जहाजाला लोखंडाचे ठोकळे बसवून ते नोव्हास्कोशियाकडे धाडण्यात आले.

तांबे वाचले, पण वेगळेच संकट उभे राहिले. झिजणाऱ्या तांब्याचे विषारी क्षार पाण्यात उतरत, म्हणूनच शेवाळ व शिंपले तळाला चिकटत नसत. झीज थांबताच, विशेषतः बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर, त्यांची दाट पुटे चढली आणि वेग मंदावला. १८२५ मध्ये नौदलाने ही योजना मागे घेतली. विज्ञान बरोबर ठरूनही डेव्ही यांच्या पदरी टीका आणि उपहास आला. १८२६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी अध्यक्षपद सोडावे लागले आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या पन्नाशीत त्यांचे निधन झाले.

त्यांचे तत्त्व मात्र जिवंत राहिले. क्षरण सर्वत्र सारखे पसरणारे असो, खड्डे पाडणारे असो, फटीत दडणारे असो की दोन धातूंच्या संगतीने होणारे असो. रंगाचा थर, योग्य मिश्रधातूची निवड आणि ओलावा टाळणे हे उपाय उपयोगी पडतात. लोखंडावर चढविलेला जस्ताचा मुलामा ओरखडा पडला तरी राखण करतो, तो डेव्ही यांच्याच तत्त्वाने. १९२८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कून यांनी लांब पल्ल्याच्या वायुवाहिनीला बाहेरून वीज देऊन हे संरक्षण पुरविले. समुद्रातील तेलविहिरींच्या पोलादी फलाटांना आज जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडतात. जमिनीखालच्या नळांसाठी मॅग्नेशियम वापरतात. जो धातू डेव्ही यांनी १८०८ मध्ये वेगळा केला, तोच आता मातीत गाडून घेऊन, स्वतः विरघळत लोखंडाची राखण करतो.