अंतर्गत बाब आणि विजयालक्ष्मी पंडित

प्रशासकीय सेवेत असताना परदेशी मानवाधिकार संस्थांकडून आलेल्या पत्रांना द्यावयाच्या उत्तरांचे मसुदे मी अनेकदा तयार केले. त्यांत एक वाक्य ठरलेले असे: प्रस्तुत विषय देशाच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रातील आहे. वरिष्ठांनी ते कधी खोडल्याचे मला आठवत नाही. माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी मात्र दर वेळी अवघडून जाई. कारण संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच वर्षी या युक्तिवादाला खुले आव्हान दिले होते ते भारतानेच; आणि भारताच्या वतीने उभ्या होत्या विजयालक्ष्मी पंडित.

त्यांचा जन्म १९०० मधला, अलाहाबादच्या नेहरू घराण्यातला; माहेरचे नाव स्वरूप. १९२१ मध्ये त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. रणजित हे काठेवाडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले, संस्कृतचे व्यासंगी, ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार. १९३७ मध्ये विजयालक्ष्मी संयुक्त प्रांताच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य व आरोग्य खात्याच्या मंत्री झाल्या. पुढे कारावास, पुन्हा कारावास. जानेवारी १९४४ मध्ये, तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या रणजित यांचे निधन झाले. पदरी तीन मुली. मुलगा नसलेल्या विधवेशी त्या काळचा हिंदू कायदा कसा वागतो, हे त्यांनी स्वतः सोसले. हक्क हा त्यांच्यासाठी केवळ भाषणाचा विषय नव्हता, असे मी म्हणतो ते यामुळे.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. भारताचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. विजयालक्ष्मी तेथे कोणत्याही पदाविना पोहोचल्या आणि हे शिष्टमंडळ भारतीय जनतेचे प्रतिनिधित्व करत नाही, असे सभा आणि पत्रकार परिषदा घेऊन सांगत राहिल्या. दीड वर्षाच्या आत त्याच संघटनेत अधिकृत शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांच्या जमीनधारणेवर आणि वास्तव्यावर वांशिक निर्बंध घालणारा कायदा केला. जूनमध्ये डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात भारताने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नोंदवली, आपला उच्चायुक्त परत बोलावला आणि पाठोपाठ व्यापारबंदी लागू केली. तेव्हा दिल्लीत हंगामी सरकारही आलेले नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुळात लढा तिथल्या माणसांचा होता. बाहेरचा दबाव त्यांच्या पाठीशी आला, त्यांच्या जागी नव्हे.

आमसभेत समोर होते जनरल स्मट्स. सनदेच्या प्रस्तावनेच्या मूळ मसुद्यात मोठा वाटा त्यांचाच. मानवी हक्कांची ग्वाही देणारी ती प्रस्तावना. आता तेच गृहस्थ सनदेच्या कलम २(७)चा आधार घेत होते: एखाद्या राष्ट्राच्या देशांतर्गत अधिकारातील गोष्टींत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये. भारतातल्या जातिभेदाकडे आणि दंगलींकडेही बोट दाखवले गेले. बोट चुकीच्या दिशेला नव्हते. ते वर्ष कलकत्ता, नोआखाली आणि बिहारचे होते. ब्रिटन आणि अमेरिका यांना हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवायचा होता. मुंबईचे न्यायमूर्ती छागला शिष्टमंडळात होते, तेव्हा कायद्याची बाजू दुबळी नव्हती. तरीही हा प्रश्न आधी जगाच्या सदसद्विवेकाचा आहे, कायदेपंडितांचा नंतर, ही भूमिका विजयालक्ष्मींनी सोडली नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव मतास आला. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांशांची अट जेमतेम पूर्ण झाली. बाजूचे एक मत विरोधात पडते तर ठराव फेटाळला जाता.

मतदानानंतर त्या स्मट्स यांच्यापाशी गेल्या आणि आपल्या बोलण्याने मन दुखावले असल्यास क्षमा असावी, असे म्हणाल्या. गांधीजींनी निघताना तसे बजावले होते. त्यांच्या आत्मचरित्रानुसार, स्मट्स यांनी त्यांचा विजय पोकळ ठरवला: या मतदानामुळे आपण सत्ता गमावू आणि भारताच्या हाती काही लागणार नाही, असा त्यांचा होरा होता. १९४८ मध्ये ते खरोखरच निवडणूक हरले आणि वर्णभेदाला राज्यधोरण करणारा पक्ष सत्तेवर आला. त्याचे खापर एका ठरावावर फोडणे मला इतिहासाला धरून वाटत नाही. कारणे तेथील गोऱ्या समाजातच होती. तरीही बाहेरचा दबाव कधी कधी आतल्या कडव्यांना बळ देतो, ही शंका झटकून टाकता येत नाही.

आपणही फार काळ त्याच बाजूला राहिलो नाही. १९४८ मध्ये हैदराबादचा प्रश्न सुरक्षा परिषदेत गेला, तेव्हा अंतर्गत बाब असल्याचे सांगणारे आपणच होतो. निजामाच्या राजवटीत रझाकार काय करत होते ते पाहता भारताची बाजू मला आजही न्याय्य वाटते. पण युक्तिवाद स्मट्स यांच्याच भात्यातला होता.

मॉस्को, वॉशिंग्टन, १९५३ मध्ये आमसभेचे अध्यक्षपद, लंडन, मुंबईचे राजभवन हा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. खरी कसोटी १९७५ मध्ये आली. आणीबाणीत एक लाखाहून अधिक माणसे खटल्याविना तुरुंगात होती. परदेशांतून निषेध होऊ लागला की सरकार परकीय हस्तक्षेपाचा हवाला देई. सरकार सख्ख्या भाचीचे होते. विजयालक्ष्मी डेहराडूनला निवृत्त जीवन जगत होत्या. वय पंचाहत्तरीचे, गप्प राहण्यास सबबी पुरेशा. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्या उघडपणे काँग्रेसविरोधी प्रचारात उतरल्या. मी तेव्हा शाळकरी वयाचा. आत्याने भाचीविरुद्ध बोलावे याचे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटलेले नवल मला अजून आठवते.

नव्या सरकारच्या काळात, १९७९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी भारताने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली.

१ डिसेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंडेला तुरुंगातून सुटले होते आणि ऑक्टोबरमध्ये भारतात येऊन गेले होते. वर्णानुसार वस्त्या विभागणारा दक्षिण आफ्रिकेतला कायदा रद्द झाला तो मात्र जून १९९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी.