वढूची वाट आणि डॉ. बानू कोयाजी

पुणे-नगर रस्त्याने शिक्रापूरकडे जाताना कोरेगाव भीमापाशी एक फाटा वढू बुद्रुककडे वळतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. भारतीय ग्रामीण आरोग्याच्या इतिहासातही त्याला एक स्थान आहे, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच असते. ते स्थान त्याला डॉ. बानू कोयाजी यांच्यामुळे लाभले.

1917 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेल्या बानूबाईंनी ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1940 मध्ये एम.डी. पदवी मिळविली आणि डॉ. शिरोडकरांसारख्या नामवंत शल्यविशारदाच्या हाताखाली स्त्रीरोगशास्त्राचे धडे घेतले. विवाहानंतर त्या पुण्यात आल्या. त्यांचे दीर डॉ. एदलजी कोयाजी हेच त्यांचे वैद्यकातील मार्गदर्शक. त्यांच्या सांगण्यावरून 1944 मध्ये बानूबाई रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात रुजू झाल्या. त्या वेळी ते अवघ्या 40 खाटांचे प्रसूतिगृह होते. पुढे ते साडेपाचशे खाटांचे रुग्णालय झाले आणि त्याला संशोधन केंद्राची जोड मिळाली. एवढे कर्तृत्व कोणाही डॉक्टरला आयुष्याची सार्थकता वाटावी असेच होते. परंतु केईएममध्ये येणाऱ्या खेड्यांतील बाया बहुधा उशिरा येत, अंगात रक्त नसलेल्या अवस्थेत येत, आणि त्यांची मुले शहरातल्या औषधाने बरी होऊन पुन्हा त्याच पाण्याकडे व त्याच ताटाकडे परत जात. रुग्णालयाच्या भिंती कितीही वाढविल्या तरी हा फेरा सुटणार नव्हता.

1972 मध्ये वढू बुद्रुकच्या आरोग्यकेंद्राशी केईएमचे नाते जुळले. ते वर्ष दुष्काळाचे होते. शिरूर हा मुळातच अवर्षणप्रवण तालुका. खडी फोडणारे हात आणि सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली मुले हे त्या काळचे महाराष्ट्राचे चित्र होते. इमारत, डॉक्टर व औषधे असूनही गाव आपण होऊन दवाखान्याची पायरी चढत नाही, हा अनुभव बानूबाईंना लवकरच आला. तेव्हा दवाखान्यानेच गावाच्या उंबऱ्यापर्यंत गेले पाहिजे, हा विचार त्यांनी 1977 च्या सुमारास अमलात आणला. गावातल्याच स्त्री-पुरुषांना आरोग्य, स्वच्छता, आहार आणि कुटुंबनियोजन यांचे प्राथमिक शिक्षण देऊन त्यांच्यावर घरोघर जाण्याचे काम सोपविण्यात आले. आरंभी सुमारे 30 हजार लोकवस्तीपुरता असलेला हा प्रयोग पुढे कित्येक पटींनी विस्तारला आणि प्रशिक्षित कार्यकर्त्यांची संख्या सहाशेच्या घरात गेली.

याच दशकात पुण्यातील अर्थशास्त्री व संख्याशास्त्री एका वेगळ्याच वादात गुंतले होते. दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये दरडोई रोजच्या 2250 उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी तीवर आक्षेप घेतला. शरीराची गरज दररोज सारखी नसते, आणि पोटात जाणारे सारेच अन्न अंगी लागत नाही. अशुद्ध पाणी, जंत आणि हगवण त्याचा मोठा वाटा हिरावून घेतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाद विद्वत्तापूर्ण होता आणि तो पूर्णपणे मिटला असेही नाही. मात्र दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे मानून काम केले तर ते कसे दिसेल, याचे उत्तर वढूच्या परिसरात मिळत होते. तेथील कार्यकर्ती आईशी बाळाच्या आहाराविषयी बोले आणि पिण्याच्या पाण्याविषयीही. ताट आणि आतडे यांची फारकत तिच्या कामात नव्हती.

कुटुंबनियोजनाच्या पुरस्कर्त्या म्हणून बानूबाईंचे नाव अधिक गाजले. जन्मलेले मूल जगेल याची शाश्वती नसलेल्या आईला लहान कुटुंबाचा उपदेश करणे व्यर्थ होय, हे त्यांनी ओळखले होते. केवळ लक्ष्यपूर्तीचे आकडे गोळा करणाऱ्या सरकारी मोहिमांना ही दृष्टी क्वचितच लाभली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किशोरवयीन मुलींकडे लक्ष वळविले. बाळाचे पोषण त्याच्या जन्माआधीच, किंबहुना त्याच्या आईच्या वाढीच्या वयातच सुरू होते, हे त्यामागील सूत्र होते.

विज्ञानाने या सूत्राला नंतर दुजोरा दिला. केईएममधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. गरोदरपणी पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने सरस आढळली. ज्या मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे 80 टक्के झालेले असते. शाळेच्या पटावर नाव चढण्याआधीच किती काही ठरून गेलेले असते, हे शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

1989 मध्ये पद्मभूषण आणि 1993 मध्ये मॅगसेसे पुरस्कार हे त्यांच्या कार्याचे जाहीर गौरव. जुलै 2004 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एचआयव्हीबाधितांना शासकीय रुग्णालयांतून मोफत औषधे देण्यास देशात प्रारंभ झाला होता, आणि 2005 मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली. या दोन योजनांची गाठ ज्या मुलाच्या घरी पडते, तेथे वढूच्या पद्धतीची खरी कसोटी लागते. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील संरक्षक पेशी आरंभीच नष्ट करतो. अन्नरस नीट शोषला जात नाही, जुलाब वरचेवर होतात. लक्षणे नसतानाही अशा मुलाला दहा टक्के अधिक उष्मांक लागतात, आणि वजन घटू लागले की ही गरज निम्म्याने, प्रसंगी दुपटीपर्यंत वाढते. वाढत्या मेंदूच्या वाट्याला त्यातून काय उरते, हे सांगावयास नको.

वढूच्या प्रयोगाचा वारसा सांगणाऱ्या शासनाने त्यातला एक भाग सोयीस्करपणे उचलला: काम गावातल्या बाईचे, पण वेतन नाही, मानधन! बानूबाईंच्या पाठीशी एक सुसज्ज रुग्णालय आणि स्वतः त्यांचा अधिकार होता. कार्यकर्तीने पाठविलेला रुग्ण परत लावला जात नसे. आजच्या आशाताईंना मोबदल्यासाठी 2021 व 2023 मध्ये संपावर जावे लागले. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने आले, भाड्याच्या खोल्यांतून परगावची कुटुंबे राहू लागली, आणि ज्यांची नावे गावाच्या यादीत नसतात अशी मुलेही येथे वाढत आहेत. अशा एखाद्या खोलीतील बाधित मुलाच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावरून ठरते. ते वजन वेळेवर कोणी तरी करावे लागते, घटले तर विचारावे लागते, आणि खोली बदलली तर नवा पत्ता शोधून तेथवर जावे लागते.